हृदयातील संप्रेरक-रिसेप्टरवर प्रकल्प करताना स्नायूपेशी घ्यावी की फायब्रोब्लास्ट?

सोलापुरात एम.एस्सी.च्या वर्षभराच्या प्रकल्पासाठी हा विषय घेणारे बहुतेक विद्यार्थी स्नायूपेशींची निवड गृहीतच धरतात. हृदयाच्या आकारमानाचा मोठा भाग या पेशी व्यापतात हे खरे. परंतु संख्येने पाहता एंडोथेलियल (रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या) पेशी, फायब्रोब्लास्ट (आधार-ऊतक बनवणाऱ्या पेशी), पेरिसाइट (केशवाहिन्यांभोवतीच्या पेशी) आणि मॅक्रोफेज (प्रतिकारक पेशी) मिळून त्यांच्या बरोबरीला येतात किंवा त्यांना मागेही टाकतात, आणि प्रत्येकीवरील रिसेप्टर (संप्रेरक ओळखून पेशीला संदेश देणारी प्रथिने) वेगळे असतात.

ॲड्रेनॅलिनचेच पाहू. माणसाच्या जवनिकेत (हृदयाच्या खालच्या कप्प्यात) बीटा-1 आणि बीटा-2 या त्याच्या रिसेप्टरांचे प्रमाण ढोबळमानाने 80:20 मानले जाते, पण हा आकडा सबंध ऊतकाचा लगदा करून काढलेला आहे. उंदराच्या जवनिकेतील स्नायूपेशी एकेक करून तपासल्या असता (2017) बीटा-1 सर्व पेशींत, तर बीटा-2 जेमतेम 5 टक्के पेशींत आढळला. म्हणजे त्या हृदयातील बीटा-2चा बराचसा वाटा स्नायूबाहेरचा होता. बीटा-3 मुख्यतः एंडोथेलियल पेशींत सापडला. त्यामुळे बीटा-2 अभ्यासायचा असेल, तर फायब्रोब्लास्ट अधिक सोयीचे. अँजिओटेन्सिनचा (रक्तदाब वाढवणाऱ्या संप्रेरकाचा) एटी-1 रिसेप्टरही फायब्रोब्लास्टवर अधिक दाट असतो आणि कोलाजेन या तंतुमय प्रथिनाची वाढ हा त्याचा परिणाम सहज मोजता येतो. उलट थायरॉइड संप्रेरकासाठी स्नायूपेशीला पर्याय नाही, कारण टी-3मुळे (या संप्रेरकाच्या सक्रिय रूपामुळे) वाढणारा कॅल्शियम-पंप तिच्याच आकुंचन-शिथिलनाशी जोडलेला आहे. अल्डोस्टेरॉन या मीठ-पाण्याचा तोल राखणाऱ्या संप्रेरकाचा रिसेप्टर दोन्हींत असला, तरी स्नायूपेशीत कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक निष्क्रिय करणारे एन्झाइम जवळपास नसल्याने तो बहुतांशी कॉर्टिसॉलनेच व्यापलेला राहतो. तेव्हा त्या वाटेला नवख्याने जाऊ नये.

हाताळणीत मात्र फरक फार मोठा आहे. प्रौढ स्नायूपेशी मिळवण्यासाठी प्राणी-नैतिकता समितीची परवानगी काढून नुकत्याच काढलेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांतून कोलाजिनेज (कोलाजेन विरघळवणारे एन्झाइम) सोडावे लागते, आणि नंतर कॅल्शियम घाईने परत दिले की विटेसारख्या लांबट पेशी पाहता पाहता गोल होऊन मरतात. फायब्रोब्लास्ट प्लास्टिकला तासा-दोन तासांत चिकटतात आणि वाढतात. परंतु कडक प्लास्टिकवर त्यांचे मायोफायब्रोब्लास्ट (आकुंचन पावणारे, जास्त कोलाजेन बनवणारे रूप) होत जातात व त्यासोबत रिसेप्टरही बदलतात, म्हणून पहिल्या दोन-तीन पॅसेजमध्येच (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या फेऱ्यांमध्येच) काम उरकावे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून एच9सी2 ही तयार पेशी-मालिका मागवणे सर्वांत सोपे असले, तरी रॅट या मोठ्या उंदराच्या भ्रूणहृदयापासून निघालेली ही मालिका धडधडत नाही, त्यामुळे प्राथमिक चाचणीपलीकडे तिच्यावर भिस्त ठेवू नये.

माझा कौल एटी-1 आणि फायब्रोब्लास्ट या जोडीला आहे. फक्त प्रयोगांची आखणी एप्रिल-मे टाळून करावी: साध्या इन्क्युबेटरला तापवता येते, थंड करता येत नाही, आणि सोलापुरी उन्हाळ्यात एसी बंद पडून खोली चाळिशीपार गेली की आतले 37 अंश टिकत नाहीत.