ग्राहकांचे अभिप्राय ‘मिळवून देणाऱ्या’ एजन्सीपासून सावध राहा

ठाण्यात नौपाड्यामध्ये आमचे तान्ह्या बाळांच्या सामानाचे दुकान आहे. झबली-टोपडी, दुपटी, लंगोट, डायपर, मच्छरदाण्या, दुधाच्या बाटल्या आणि मागणीप्रमाणे बांधून दिलेले बाळंतविडे असा आमचा माल असतो. घोडबंदर रोडवरच्या नव्या वसाहतींतून किंवा ऐरोली-नेरुळकडून येणारी जोडपी हल्ली बहुधा गूगल मॅप्सवरचे अभिप्राय वाचूनच येतात, कारण त्यांपैकी अनेकांचे सासर-माहेर लांब असते आणि पहिल्या बाळासाठी काय घ्यावे हे सांगणारे जवळ कोणी नसते. अभिप्रायांवरच्या या विश्वासाचा धंदा करणाऱ्या एका एजन्सीने आमची आणि आमच्या काही ग्राहकांची जी फसवणूक केली, ती इतर दुकानदारांना आणि पालकांना कळावी म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एजन्सीचा माणूस स्वतः दुकानात आला होता. बोलणे नम्र, गळ्यात ओळखपत्र, हातात काउंटरवर ठेवायचा क्यूआर कोडचा स्टँड. आपण गूगलचे अधिकृत भागीदार आहोत, तुमच्याच खऱ्या ग्राहकांना आठवणीचे संदेश पाठवून आम्ही अभिप्राय गोळा करतो, खोटे काही करत नाही, असे त्याने सांगितले. त्यासाठी त्याने तीन गोष्टी मागितल्या: आगाऊ रक्कम, दुकानाच्या गूगल प्रोफाइलवर ‘मॅनेजर’ म्हणून प्रवेश आणि आमच्या बिलिंगमधील ग्राहकांचे मोबाईल क्रमांक. या तिन्हींपैकी पैशाची मागणी सर्वांत कमी धोक्याची होती, हे पुढे स्पष्ट झाले.

सुरुवातीला सर्व सुरळीत चालले. ओळखीच्या ग्राहकांचे चार शब्द येऊ लागले, एका आजीने तर नातीच्या बाळंतविड्याचा फोटोही टाकला. मग एका रात्रीत अनोळखी नावांचे पंचतारांकित अभिप्राय येऊन पडले. त्यातल्या एकाने आमच्याकडून घेतलेल्या पांगुळगाड्याची तारीफ केली होती. आम्ही पांगुळगाडे ठेवतच नाही. दुसरा मजकूर शब्दशः परराज्यातील एका दुकानाखालीही सापडला. तिसरा मात्र वाचून अंगावर काटा आला. ‘यांच्याकडची बाटली घेतल्यापासून आईच्या दुधाची गरजच वाटत नाही,’ असे त्यात लिहिले होते. बाळंतिणीच्या मनात दूध पुरते की नाही ही धास्ती आधीच असते. अशा वेळी असले वाक्य ती खऱ्या आईचा अनुभव समजून वाचते. शिवाय दुधाच्या बाटल्या आणि शिशुदुग्धपर्याय (आईच्या दुधाऐवजी बाळाला द्यायची दूध पावडर वगैरे) यांची जाहिरात व प्रसार करण्यास 1992 च्या कायद्याने, आणि 2003 च्या दुरुस्तीनंतर अधिक कडकपणे, मनाई केलेली आहे. बाटली विकता येते, तिचा प्रचार करता येत नाही. म्हणजे ज्या मजकुराशी आमचा काहीही संबंध नव्हता, तो आमच्या दुकानाच्या नावाखाली कायद्याला आव्हान देत उभा होता.

जाब विचारल्यावर उत्तर आले, ‘ताई, ठाण्यातली सगळी दुकानं हेच करतात, तुम्ही कशाला मनाला लावून घेता?’ मजकूर काढण्याची आमची मागणी त्याने टोलवत ठेवली.

थोड्याच दिवसांत गूगलने कारवाई केली. खोट्या अभिप्रायांच्या संशयावरून आमच्या प्रोफाइलवर निर्बंध आले, नवे अभिप्राय स्वीकारणे काही काळ बंद झाले आणि बनावट मजकुराबरोबर जुने, खरे अभिप्रायही दिसेनासे झाले. आजींनी टाकलेला तो फोटोही त्यात गेला. त्यानंतर एजन्सीचा सूर पालटला. निर्बंध उठवायचे असतील तर वेगळी रक्कम भरा, नाहीतर पुढे एकतारांकित अभिप्राय येतील, असा व्हॉट्सअॅपवर निरोप आला. आमच्या डायपरने बाळाच्या अंगावर पुरळ उठल्याच्या तक्रारी तयार आहेत, असेही त्यात होते. ही सरळसरळ खंडणी होती. आम्ही पैसे दिले नाहीत.

याच सुमारास नेरुळच्या एका ताईंचा फोन आला, आणि प्रकरण आमच्या दुकानापुरते राहिलेले नाही हे कळले. त्यांना आमच्या दुकानाच्या नावाने संदेश आला होता: पाच तारे द्या, 150 रुपये मिळवा. रुपये खरोखर जमा झाले. मग त्यांना टेलिग्रामच्या गटात घेतले गेले, आणखी दुकानांना तारे देण्याची ‘टास्क’ मिळू लागली आणि जास्त कमाईसाठी आधी पैसे भरायला सांगितले गेले. भरलेले पैसे पडद्यावर वाढताना दिसत, काढायला गेले की कर किंवा शुल्क म्हणून आणखी भरा असे उत्तर येई. घरी तान्हे बाळ, प्रसूतीनंतर नोकरी सुटलेली, अशा काळात त्यांनी साठवलेले पैसे गेले. खात्री करण्यासाठी त्यांनी गूगलवरच्या आमच्या क्रमांकावर फोनही केला होता. परंतु मॅनेजर म्हणून मिळालेल्या अधिकारात एजन्सीने तो क्रमांक बदलून स्वतःचा टाकलेला होता, आणि पलीकडून ‘हो, आमचीच योजना आहे’ असे सांगितले गेले. त्या ताईंनी जेवढी खबरदारी घ्यायची तेवढी घेतली होती, हे मी मुद्दाम नमूद करते, कारण अशा वेळी बाईलाच बोल लावणारे बरेच भेटतात.

सुदैवाने प्रोफाइलची ‘प्रायमरी ओनर’ म्हणजे मुख्य मालकी आमच्याच ईमेलवर होती. त्यामुळे मॅनेजरला काढून टाकणे आणि क्रमांक पूर्ववत करणे लगेच जमले. ज्यांनी मालकीच एजन्सीच्या ईमेलवर उघडू दिली आहे, त्यांना हे इतके सोपे जाणार नाही. त्यांनी आजच तपासावे. ताईंनी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार केली. पैसे पुढे वळते होण्याआधी थांबवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते, म्हणून आधी 1930 आणि मग बाकीचे. आम्हीही धमकीचे संदेश, यूपीआयच्या पावत्या आणि बनावट अभिप्रायांचे स्क्रीनशॉट तारखांसह जोडून पोलिसांकडे तक्रार दिली आहे. मजकूर गूगलने काढण्याआधी स्क्रीनशॉट घेतले होते म्हणून हा पुरावा हाती राहिला.

दुकानदारांनी आणखी एक गोष्ट पाहावी. त्या स्टँडवरचा क्यूआर कोड थेट गूगलवर जात नव्हता. आधी एजन्सीचे पान उघडत असे. चार-पाच तारे देणाऱ्यालाच पुढे गूगलवर पाठवले जाई, कमी तारे देणाऱ्याची तक्रार तिथेच अडवली जाई आणि क्रमांक मात्र दोघांचाही घेतला जाई. नाराज ग्राहकाला असे गाळणे आणि अभिप्रायाच्या बदल्यात पैसे किंवा सवलत देणे, दोन्ही गूगलच्या नियमांत बसत नाही. विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय टाकण्यास 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे, आणि अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत व प्रसिद्ध करावेत यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस 19000:2022 हे मानकही आहे. ते ऐच्छिक असले तरी वाचण्यासारखे आहे. अभिप्राय मागण्याची लिंक प्रोफाइलमध्ये फुकट मिळते. आम्ही आता तीच छापून बिलाला लावतो.

ज्या ग्राहकांचे क्रमांक आमच्याकडे होते, त्या सर्वांना आम्ही स्वतः फोन करत आहोत. अजून सगळ्यांपर्यंत पोहोचलेलो नाही. बाळाच्या सामानाच्या कोणत्याही दुकानाच्या नावाने तारे देण्याबद्दल पैसे देऊ करणारा संदेश आपल्याला आला असेल, तर त्या लिंकवर जाऊ नका, बिलावर छापलेल्या क्रमांकावर दुकानदाराला विचारा, आणि पैसे भरलेच असतील तर त्याच क्षणी 1930 लावा.