रॉक स्लायडरचं वेल्ड-ऑन किट: स्टील एक नंबर, सोबतचा कागद रद्दी

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा. स्टील उत्तम, कटिंग झकास, आणि सोबत जो सूचनांचा कागद येतो तो रद्दीत घालायच्या लायकीचा. पाचपैकी चार स्टार, गेलेला एक स्टार अख्खा त्या कागदाच्या नावावर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण असली किट्स विकणारे बरेच आहेत आणि खाली जे लिहिलंय ते कुणाचंही किट घ्या, तपासायला उपयोगी पडेल.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, दाराच्या खाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जो पत्र्याचा भाग असतो ते रॉकर पॅनल. दगडावरून गाडी उतरवताना पुढचं चाक खाली गेलं की पोट टेकतं आणि पहिला मार यालाच बसतो, एकदा चेपलं की दार नीट लागत नाही आणि डेंटिंगवाला पण हात वर करतो. स्लायडर म्हणजे चॅसीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, पक्के केलेले दोन दणकट रेल, गाडी अख्खी त्यांच्यावर टेकली आणि घसरत खाली आली तरी हरकत नाही. फुटबोर्ड आणि हे एकच असं समजणारे पुष्कळ भेटतात, पण फुटबोर्ड पाय ठेवायला असतो हो, त्याच्यावर गाडीचं वजन आलं की तोच वाकून वर रॉकरमध्ये घुसतो, म्हणजे संरक्षण राहिलं बाजूला, उलट नुकसान. जीप रँग्लरच्या रुबिकॉन मॉडेलला कंपनीतूनच असे रॉक रेल येतात, बाकी बहुतेकांना आपली सोय आपणच करावी लागते.

किट वेल्ड-ऑन आहे, म्हणजे कापलेले, वाकवलेले, खाचा पाडलेले तुकडे येतात आणि जोडणी आपली. मेन रेल 50 बाय 100 ची चौकोनी ट्यूब, 5 एमएम जाडीची. बाहेरून पावणेदोन इंची गोल नळी, भिंत 3 एमएमची, डीओएम. डीओएम म्हणजे आधी वेल्ड करून बनवलेली नळी आतून मँड्रेल (मापाचा दांडा) घालून थंडच ओढतात, त्याने माप एकदम अचूक येतं आणि ताकदही वाढते. साधी ईआरडब्ल्यू, म्हणजे नुसती वेल्ड केलेली, न ओढलेली नळी असती तरी मी नाक मुरडलं नसतं, भिंत जाड असेल तर तीही चालते, पण विकणारे डीओएम डीओएम म्हणून गजर करतात आणि घेणारे तेवढंच विचारतात. खरं विचारायला हवं ते रेलला चॅसीशी जोडणारे पाय किती, पायांच्या प्लेट केवढ्या आणि त्या चॅसीला कुठे बसणार. मार शेवटी तिथेच पोचतो. या किटमध्ये एका बाजूला चार पाय आहेत आणि प्लेट 6 एमएमच्या, टोकं तिरकी कापलेली आणि कोपरे गोल, हे बघूनच मला कळलं की डिझाइन करणाऱ्याला काम कळतं.

खाचा बघून तर खूशच झालो. गोल नळीला दुसरा तुकडा बसवायचा म्हणजे टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच लागते, ती ढिली असली की फट वेल्डने भरत बसावं लागतं आणि फट भरलेला वेल्ड म्हणजे नुसता देखावा. मी तुकडा नळीला टेकवला, मागून टॉर्च मारला, उजेडाची रेघसुद्धा आली नाही. वाकवलेल्या जागी सुरकुती नाही, चपटेपणा नाही. पाण्याचे पाइप वाकवायच्या हायड्रोलिक मशीनवर असली नळी वाकवली की आतल्या बाजूला चेपते, इथे नीट ट्यूब बेंडर वापरलाय हे दिसतं. मागच्या टोकाला नळी जरा बाहेर काढलीय, त्याला किकआउट म्हणतात, झाडाला किंवा खडकाला घासून वळताना गाडीचं मागचं अंग बाहेर ढकललं जातं. कामाची गोष्ट आहे, शोभेची नाही.

वजनाचं मात्र मनाशी धरून चला. ती चौकोनी ट्यूब मीटरला साधारण 11 किलो, गोल नळी 3 किलोच्या आसपास, पाय आणि प्लेट धरून दोन्ही बाजूंचे मिळून साठेक किलो सहज होतात. एकट्याने उचलून चॅसीला धरायचं आणि दुसऱ्या हाताने टॅक (तुकडा जागेवर धरून ठेवणारा वेल्डचा छोटा टिपका) मारायचा हे डोक्यातून काढून टाका, एक माणूस तरी सोबत घ्या, नाहीतर दोन जॅक.

आता तो कागद. एका पानावर चार बाण काढलेत आणि खाली लिहिलंय की पाय चॅसीला वेल्ड करा. संपलं! बॅटरी काढा हे नाही. बॅटरीची वायर न काढता चॅसीवर वेल्डिंग केलं तर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), एअरबॅगचं मॉड्यूल वगैरे जायची भीती असते, आणि अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या शेजारीच लावायचा म्हणजे करंट बेअरिंगमधून वगैरे फिरून जात नाही, हे पहिल्या ओळीत हवं होतं. चॅसीच्या आतल्या बाजूने ब्रेकची आणि डिझेल-पेट्रोलची लाइन, वायरिंगचा गठ्ठा जातो, ते सोडवून बाजूला घ्या, अंडरकोट (गाडीला खालून मारलेला गंजरोधक थर) खरवडून काढा कारण तो पेटतो, केबिनमधला गालिचा उचलून ठेवा, आणि हाताशी आग विझवायचा सिलिंडर ठेवा. आणि एक, ग्रीस काढायला ब्रेक क्लीनर मारून त्यावर वेल्डिंग करायचं नाही म्हणजे नाही, क्लोरीनवाला क्लीनर असेल तर आर्कच्या उष्णतेने फॉस्जीन तयार होतो, तो जीवघेणा वायू आहे. ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग मशीन चालू करा.

त्याहून मोठी चूक म्हणजे वेल्ड कुठे घालायचा हेच सांगितलेलं नाही. चॅसीच्या रेलला गाडीच्या वजनाने वाक येतो तेव्हा सगळ्यात जास्त ताण वरच्या आणि खालच्या कडेला असतो, मधल्या उंचीवर सगळ्यात कमी. म्हणून प्लेट चॅसीच्या बाजूच्या सपाट अंगावर बसवायची, वेल्डच्या रेघा चॅसीच्या लांबीच्या दिशेने न्यायच्या, आणि वरून खाली सरळ उभा वेल्ड मारून चॅसी आडवी कापल्यासारखी करायची नाही, तडा तिथूनच सुरू होतो. प्लेटची टोकं तिरकी याचसाठी असतात, पण हे न सांगितल्यामुळे कुणीतरी चौफेर वेल्ड गुंडाळून खालच्या कडेपर्यंत नेणार हे नक्की. इतकं विचार करून प्लेट कापायची आणि कागदावर एक ओळ लिहायची नाही, काय म्हणावं!

अंतराचंही तेच. चॅसीवाल्या गाडीत बॉडी रबरी माउंटवर बसलेली असते, चॅसी पिळली की बॉडी तिच्यापेक्षा वेगळी हलते. रेल रॉकरला खेटून लावला तर पहिल्याच खड्ड्यात तो रॉकरला ठोकणार, म्हणून मी साधारण 20 ते 25 एमएमची फट ठेवली, मध्ये लाकडी पट्ट्या घालून टॅक मारले आणि नंतर काढून घेतल्या. पाय बाहेरच्या बाजूला दहा-पंधरा अंश वर उचलले म्हणजे दाराची खालची कडही थोडी झाकली जाते, आणि पायाचा कुठलाच भाग चॅसीच्या खाली लोंबू दिला नाही, नाहीतर तोच दगडाला अडकतो. सगळे टॅक झाल्यावर दारं उघडून-लावून बघायची, मगच पूर्ण वेल्ड.

वेल्डिंग मिगने (आपोआप वायर सोडणाऱ्या मशीनने) केलं, 0.9 एमएम वायर, आर्गन आणि सीओटूचं मिश्रण. ट्यूबवरची काळी पापडी ग्राइंडरने काढून चकचकीत धातू दिसेपर्यंत घासलं. एका पायावर थोडं, मग लांबच्या पायावर थोडं, असं आलटून पालटून, कारण एकाच बाजूने सलग ओढलं की उष्णतेने रेल केळ्यासारखा वाकतो. या बाबतीत जाड ट्यूबचा फायदा झाला, शेवटी सरळ पट्टी लावून बघितली तर फरक नावापुरताच.

रंगाला किटमध्ये काहीच नाही, ते बरंच आहे. पावडर कोटिंग दिसायला छान, पण स्लायडर हा घासायचाच भाग, एक टवका उडाला की गंज त्याच्या खालून पसरत जातो आणि पुन्हा करायचं तर गाडीला वेल्ड केलेला रेल भट्टीत घालणार कसा. प्राइमर आणि साधा काळा रंग, खरचटलं की घासा आणि मारा. टोकाच्या टोप्या वेल्ड करण्याआधी खाली पाणी निघायला भोक पाडा, तेही कागदावर नाही, आणि आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा.

टेस्ट म्हणाल तर बरोबर मधोमध ट्रॉली जॅक लावून एका बाजूची दोन्ही चाकं उचलली, दाराच्या फटी बघितल्या, जशाच्या तशा. नंतर दगडाच्या पायरीवर गाडी मुद्दाम टेकवून घसरवली, लोखंडाचा असा कर्कश आवाज आला की मागे बसलेल्याने कानात बोटं घातली, खाली वाकून बघितलं तर रंग गेलेला, ट्यूब सरळ, प्लेटच्या वेल्डला केसाएवढाही तडा नाही.

कुणी घ्यावं? ज्याचा वेल्डिंगला हात बसलाय किंवा ज्याच्याकडे चॅसीचं काम करणारा भरवशाचा माणूस आहे त्याने डोळे झाकून घ्यावं. बाकीच्यांनी बोल्ट-ऑन बघा, फक्त बोल्ट चॅसीच्या आरपार जात असेल तर आत स्लीव्ह (बोल्टभोवतीची आधाराची नळी) आहे का ते विचारा, नाहीतर आवळताना पोकळ चॅसी चेपते, आणि काहीशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत आवळा. मोनोकॉक, म्हणजे वेगळी चॅसी नसून बॉडीच सगळा भार घेते अशा, गाडीवाल्यांनी या किटच्या वाटेला जाऊच नये, जिमनी, रँग्लर अशा लॅडर चॅसीवाल्यांचं हे काम, 2020 नंतरची डिफेंडर नावाने कितीही दणकट असली तरी तिच्याखाली वेगळी चॅसी नाही आणि तिला वेगळीच बनावट लागते.

ऑर्डर देताना चॅसीच्या बाहेरच्या अंगापासून रॉकरच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर स्वतः टेपने मोजून त्यांना कळवा, दोन्ही बाजूंचं वेगवेगळं, त्याप्रमाणे पाय कापून देतात आणि ग्राइंडरचं निम्मं काम वाचतं.