'फुल बॉडी चेकअप': 80 टेस्ट, पण कमरेला टेप नाही

दीड-दोन हजारांत घरी येऊन रक्त नेणाऱ्या 'फुल बॉडी चेकअप'ची पत्रकं ठाण्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत लिफ्टशेजारी चिकटवलेली असतात. पुढची साथ आली तर घरात कोणाला जास्त जपायचं हे यातून कळतं का, एवढ्याच निकषावर हे परीक्षण. अर्धवट कळतं.

आधी आकड्याला भुलू नका. '80 टेस्ट'मधल्या वीसेक तर एकट्या सीबीसीच्या (रक्तपेशींची मोजणी) ओळी, आणि लिपिडमधली (कोलेस्टेरॉलची तपासणी) गुणोत्तरं म्हणजे नुसते भागाकार. खऱ्या कामाची एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी टेस्ट. साथीत वय आणि साखर दोन्ही धोका वाढवतात. कोविड आला तेव्हा इटलीत निम्मी माणसं साधारण 46-47च्या पुढची होती, आपल्याकडे निम्मी 28च्या आतली. वयाचं हे कवच मोठं होतं, पण साखरेने ते पोखरलं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात 10 कोटींवर मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास प्रीडायबेटिक (मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे) निघाले. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) आपल्याकडे केलेला कहर मुख्यतः अनियंत्रित साखर आणि बेसुमार स्टिरॉइडच्या जोडीतून आला. त्यामुळे एचबीए1सी नसलेलं पॅकेज कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. 5.7 टक्क्यांच्या खाली ठीक, 6.5 किंवा वर आल्यास पुन्हा तपासून खात्री करायची.

ही टेस्टही फसते. लोह कमी असेल तर आकडा खोटा चढू शकतो, थॅलेसेमिया मायनरमध्ये (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष) खोटा उतरू शकतो. सिंधी, लोहाणा कुटुंबांत मायनरचं प्रमाण जास्त, आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात सिंधी वस्ती मोठी. सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) 80च्या खाली असेल तर एचबीए1सीवर विसंबू नका, उपाशीपोटीची आणि जेवणानंतर 2 तासांची साखर बघा.

नमुना घेताना ट्यूबच्या टोपणांकडे लक्ष ठेवा. एचबीए1सी आणि सीबीसीला जांभळं, साखरेला राखाडी. साखरेचं रक्त साध्या ट्यूबमध्ये गेलं आणि बॅग ट्रॅफिकमध्ये अडकली, तर रक्तपेशी ग्लुकोज खात राहतात. दर तासाला 5 ते 7 टक्के साखर उतरते आणि रिपोर्ट उगाच छान येतो. उपास 10 ते 12 तासांचा, साधं पाणी चालतं.

सगळ्यात खटकतं ते बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याचं पान. उंची-वजन तोंडी विचारून लिहितात. वर 24.5ला हिरवा रंग देऊन 'नॉर्मल' छापतात, कारण पट्टी 25ची. भारतीयांसाठी जादा वजन 23पासूनच धरतात. त्याच बीएमआयला आपल्या पोटात चरबी जास्त असते. अमेरिकेत 40 टक्क्यांहून अधिक प्रौढ बीएमआय 30च्या वर आहेत, आपल्याकडे त्याहून कितीतरी कमी. पण त्या तुलनेवर निर्धास्त राहणं चुकीचं, आपला धोका खालच्या आकड्यालाच सुरू होतो. जपानने 2008पासून 40 ते 74 वयाच्या लोकांच्या तपासणीत कंबर मोजणं घातलं आहे. तिथे कोविडचे मृत्यू तुलनेने कमी राहिले ते केवळ बारीक अंगकाठीमुळे असं म्हणता येणार नाही, पण इतक्या वयस्कर देशात लठ्ठपणा कमी असणं ही जमेची बाजू होतीच.

टेप शिंप्याची चालते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे तर अंगावर, श्वास सहज सोडल्यावर मोजा. पुरुषांना 90 सेंमी, बायकांना 80 ही मर्यादा. पोट आत ओढलं तर सगळं मुसळ केरात.

बीपीही बहुतेक पॅकेजांत नाही. 5 मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसा, हात हृदयाच्या पातळीला, मिनिटभराच्या अंतराने 2 वेळा. त्याआधी अर्धा तास चहा नाही. जाड दंडाला लहान पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दिसतं.

किडनीसाठी रक्तातलं नुसतं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) देतात. ते उशिरा वाढतं. मधुमेह किंवा बीपी असलेल्यांनी लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर जोडून घ्यावं, 30 मिग्रॅ/ग्रॅमच्या वर म्हणजे डॉक्टर गाठा.

बुकिंग करताना फोनवर तीन गोष्टी विचारा: एचबीए1सी एचपीएलसी या अचूक पद्धतीने करता का, एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) यादीत ही टेस्ट आहे का, आणि व्हिटॅमिनच्या ओळी काढून लघवीचं हे गुणोत्तर घालता येईल का. तिसऱ्याला नकार आला तर सुट्या टेस्ट मागवा.