डिस्प्ले येत नव्हता तेव्हा कामाला आला तो मदरबोर्ड

नवीन पीसी जोडला, बटण दाबलं, सगळे फॅन फिरायला लागले, ग्राफिक्स कार्डची लाइट पण लागली आणि मॉनिटरवर नुसतं नो सिग्नल. ज्याच्यावर ही वेळ आलीये त्यालाच माहिती पोटात कसा गोळा येतो ते, कारण सगळेच पार्ट नवे, संशय घ्यायचा तरी कुणावर. मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्याच्यावर जोडतात तो बोर्ड, आहे एएमडीच्या बी६५० चिपसेटचा, मधल्या रेंजमधला. गेममध्ये किती एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) येतात ते मी इथे लिहीत नाहीये, या बोर्डाची खरी परीक्षा त्या काळ्या स्क्रीनसमोरच झाली.

आधी नेहमीचं सगळं तपासलं. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डातच आहे ना (बरेच जण बोर्डाच्या पोर्टात खुपसतात आणि तासभर डोकं धरून बसतात), प्रोसेसरची आठ पिनांची पॉवर केबल पूर्ण आत गेलीये ना, रॅम प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आहे ना. मग कार्ड काढून बोर्डाच्या एचडीएमआयवर बघितलं कारण माझ्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स आहे, कार्डाशिवायही चित्र दिसतं, तरी अंधारच. शेवटी प्रोसेसर उचलून टॉर्चने सॉकेट बघितलं, एएम५ नावाच्या ह्या सॉकेटमध्ये १७१८ पिना बोर्डावरच असतात आणि एक जरी वाकली तरी खेळ खल्लास, पण सगळ्या सरळ होत्या.

मग लक्ष गेलं कडेच्या लाइटींकडे. चोवीस पिनांच्या कनेक्टरजवळ तांदळाच्या कणीएवढे चार एलईडी आहेत, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (विंडोज असलेली ड्राइव्ह). चालू होताना बोर्ड एकेक गोष्ट तपासत जातो आणि जिथे गाडी अडते तिथली लाइट लागून राहते. माझी सीपीयूवर अडलेली आणि तिथेच डोक्यात प्रकाश पडला, बी६५० बोर्ड बाजारात आले २०२२ मध्ये आणि माझा रायझन ५ ९६००एक्स ऑगस्ट २०२४ चा, म्हणजे बोर्डात जुनं बायोस (पीसी चालू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) असेल तर बोर्ड ह्या प्रोसेसरला ओळखणारच नाही.

आता ह्या बोर्डाची सगळ्यात भारी गोष्ट, मागच्या बाजूचं बायोस फ्लॅशबॅकचं, म्हणजे बायोस नवं टाकायचं (फ्लॅश करायचं) बटण. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केला, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बायोसची फाइल घेतली, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसं तिचं नाव बदललं, खूण केलेल्या यूएसबी पोर्टात लावला आणि बटण दाबून धरलं. बारीक लाइट लुकलुकायला लागली. ह्यात जुना प्रोसेसर कुणाकडून उसना आणायची गरजच नाही, बोर्डाला फक्त पॉवर पाहिजे. ती लाइट बंद होईपर्यंत मी कशाला हात लावला नाही, मध्येच पॉवर गेली तर बायोस अर्धवट राहतं.

परत चालू केला, सीपीयूची लाइट विझली आणि डीरॅमची लागली!! इथेच खूप जण चुकतात, घाबरून पॉवर बंद करतात, रॅम काढून परत लावतात, परत तेच. डीडीआर५ रॅममध्ये पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंग होतं, बोर्ड रॅमसोबत टायमिंग जुळवून बघत असतो आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. काही मिनिटं लागू शकतात, रॅम जास्त असेल तर अजून. मी हात बांधून बसून राहिलो, चारेक मिनिटांनी मॉनिटर जागा झाला आणि बायोसची स्क्रीन समोर. इतका आनंद विंडोज चालू झाल्यावर पण झाला नाही.

पाचपैकी चार स्टार देतोय. एक कापला तो कंपनीच्या मॅन्युअलसाठी, मेमरी ट्रेनिंगबद्दल त्यात एक ओळ नाही आणि बॉक्सवर कुठलं बायोस टाकलंय ते छापलेलं नाही, एक स्टिकर लावला असता तर मी आधीच फ्लॅश करून घेतलं असतं. अजून एक, एलईडींच्या बाजूची अक्षरं इतकी बारीक आहेत की मोबाइलने फोटो काढून झूम करून वाचावी लागली आणि कॅबिनेटमध्ये बसवल्यावर पॉवरची जाड केबल नेमकी त्यांच्यावरच येते, ती बांधताना थोडी खाली ओढून घ्या.