हार्बेथ पी३ईएसआर : तंबोऱ्यावर पारखून घेतलेले स्पीकर

हार्बेथ कंपनीचे पी३ईएसआर हे छोटे स्पीकर घरी येऊन आता बरेच महिने झाले. घेण्यापूर्वी त्यांची तुलना केफ कंपनीच्या एलएस५० मेटा या स्पीकरशी केली होती, आणि दोन्ही एकाच घराण्यातले असल्यामुळे ती फार बोलकी ठरली. बीबीसीने १९७० च्या दशकात घडवलेला एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर (ध्वनी पारखण्यासाठीचा स्पीकर) दोघांचाही पूर्वज : त्याचे बी११० आणि टी२७ हे ड्रायव्हर, म्हणजे प्रत्यक्ष आवाज काढणारे भाग, केफ बनवत असे, तर १९७७ साली हार्बेथची स्थापना करणारे डडली हारवुड बीबीसीचेच अभियंते होते.

तुलनेची पहिली अट म्हणजे दोन्ही जोड्यांचा आवाज सारखा करून घेणे. केफची संवेदनशीलता (ठरावीक शक्ती दिल्यावर स्पीकर किती मोठा वाजतो ते माप) ८५ डेसिबल आहे आणि हार्बेथची ८३.५. अ‍ॅम्प्लिफायरचे बटण न हलवता जोड्या बदलल्या, तर केफ सुमारे दीड डेसिबल मोठा वाजतो, आणि कान त्या मोठेपणालाच स्पष्टता समजतो. एका दुकानात ही तसदी घ्यायला नकार मिळाला, तेव्हा तिथले ऐकणे मी हिशेबात धरले नाही. दुसऱ्या दुकानात पिंक नॉइज (चाचणीसाठी वापरला जाणारा एकसारखा खळखळाट) लावून, बसण्याच्या जागी फोनच्या मीटरवर पातळी जुळवली. फोनचा आकडा काटेकोर नसला तरी दोन आकड्यांतला फरक कामापुरता भरवशाचा असतो. शिवाय प्रत्येक जोडीतला एकच स्पीकर वाजवून पाहिला, कारण स्टिरिओच्या प्रशस्तपणात झाकले जाणारे स्वररंगाचे दोष एकट्या स्पीकरवर उघडे पडतात, हे ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांच्या प्रयोगांतून दिसून आलेले आहे.

खरी परीक्षा तंबोऱ्याने घेतली. काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) पुरुषी तंबोऱ्यात खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला असते, आणि या दोन्ही स्पीकरची खालची अधिकृत मर्यादा ७५ ते ७९ हर्ट्झच्या दरम्यान संपते. तरीही खर्ज हरवत नाही, कारण जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार हलके घासून होणाऱ्या गुंजनामुळे, उमटणाऱ्या वरच्या स्वरांशांवरून कान मूळ स्वर जुळवून घेतो. म्हणून ते स्वरांश कसे उमटतात, यावर सारे ठरते. केफवर तबल्याच्या चाटीची जागा बोट ठेवून दाखवावी इतकी नेमकी कळत होती. एकाच केंद्रातून वाजणाऱ्या युनि-क्यू ड्रायव्हरचे ते मोठे बलस्थान आहे. हार्बेथवर मात्र जवारीची झार गायकाच्या आवाजापासून वेगळी राहूनही त्याला बिलगलेली वाटली, आणि मी प्रामुख्याने ख्यालगायन ऐकत असल्यामुळे कौल तिकडे गेला.

घरी अडचण आली ती खोलीची. चौदा फूट लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद (भिंतींमुळे खोलीत फुगणारा स्वर) ४० हर्ट्झच्या आसपास असतो, तिथवर हे स्पीकर फारसे पोचतच नाहीत. पण दुसरा ८० च्या जवळ पडतो. त्यामुळे मागच्या भिंतीला टेकून बसले की डग्ग्यावर तळहात दाबून काढलेली मींड एका ठिकाणी अचानक फुगायची. खुर्ची तीन फूट पुढे घेतल्यावर ती सलग ऐकू येऊ लागली. मोझेक फरशीवर जाड सतरंजी अंथरल्यावर चाटीचा कर्कशपणाही ओसरला.

एवढ्या महिन्यांत तासन्‌तास ऐकूनही कान शिणलेले नाहीत, आणि हीच मला या स्पीकरची सर्वांत मोठी मिळकत वाटते. पखवाजाचा भरदार ठोका किंवा मोठा वाद्यवृंद मात्र या आकाराच्या पेटीतून पूर्ण वजनानिशी येत नाही. ज्यांच्या ऐकण्यात तेच अधिक असेल, त्यांनी मोठ्या पेटीचे स्पीकर ऐकावेत, आणि शक्य असल्यास दुकानदाराकडून दोन दिवसांसाठी घरी आणून ऐकावेत.