आठ महिने 'ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ' वापरून: लहानपणीच्या कार्टूनचा खेळ करताना

मी आणि दादा लहानपणी जमिनीवर पालथे पडून जी रहस्यकथांची कार्टून बघायचो, त्यांचा एक ॲडव्हेंचर गेम (पात्राला जागोजागी फिरवून, वस्तूंवर क्लिक करून कोडी सोडवायचा खेळ) करायचा, असं आठ महिन्यांपूर्वी ठरवलं. दादाचा हात चित्रात चांगला आहे, मला प्रोग्रामिंग येतं. खेळणारी आधीच ठरलेली होती, आमची नऊ वर्षांची भाची. साधन म्हणून 'ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ' घेतलं. आज खेळात अकरा खोल्या आहेत आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण होतो. म्हणून आता अनुभव लिहायला हरकत नाही.

साधनाबद्दल आधी थोडक्यात. ब्रिटिश प्रोग्रामर ख्रिस जोन्स यांनी ते १९९७ मध्ये डॉस या जुन्या संगणक प्रणालीसाठी पहिल्यांदा आणलं. ते मोफत आहे, सोर्स कोड खुला आहे आणि आजही त्यावर काम चालू आहे. विकत मिळणारे कितीतरी चांगले खेळ यातच झालेत. 'वॅजेट आय' या गेम कंपनीचे बरेचसे खेळ याच्यावरच उभे आहेत. खेळ ज्यात बनवायचा तो संपादक (एडिटर) विंडोजवर चालतो, तयार झालेला खेळ मात्र इतर ठिकाणीही चालवता येतो. स्क्रिप्टची भाषा 'सी' या प्रोग्रामिंग भाषेसारखी आहे. ज्याने कधीच कोड लिहिला नाही त्याला पहिला महिना जड जाईल, पण तयार साचे मिळतात, त्यावर चालत-बोलत फिरणारं पात्र पहिल्याच दिवशी दिसतं. आम्हाला दिसलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि दादाने त्याला नुसतं इकडून तिकडे अर्धा तास चालवलं.

काम करायची पद्धत कार्टूनशी फार जवळची आहे. प्रत्येक जागा म्हणजे एक खोली. खोलीला एक रंगवलेली पार्श्वभूमी. तिच्यावर तुम्ही ब्रशने सांगायचं, कुठे चालता येतं, कशामागे पात्र लपतं, कशावर क्लिक केलं की काहीतरी घडतं. हे सगळं खरोखर रंगवायचंच असतं. खेळणाऱ्याला ते रंग दिसत नाहीत, इंजिनाला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या प्रोग्रामला दिसतात. दादाने एक कपाट रंगवलं, मी त्यावर 'मागे लपण्याची जागा' रंगवली, तिची तळरेषा (पात्राचे पाय हिच्या वर असले की पात्र मागे जातं) दोन बोटं खाली ठेवली गेली आणि पात्र कपाटाच्या पुढे उभं असूनही अर्धं गायब. रेषा वर ओढली, पात्र पुढे आलं. अशा छोट्या दुरुस्त्यांत पहिले दोन महिने गेले आणि ते मला आवडले.

खरा धडा मिळाला तो तिसऱ्या महिन्यात. दादाने तळघराची खोली इतकी सुरेख रंगवली होती की भिंत, विटा, पेटी, दोर, सगळं एकजीव दिसत होतं. भाचीला बसवलं. ती दहा मिनिटं माऊस फिरवत राहिली आणि म्हणाली, "मामा, यातलं हलणारं काय आहे तेच कळत नाही." तेव्हा लख्ख आठवलं. जुनं कार्टून बघताना आम्हाला आधीच कळायचं की पंधरा विटांपैकी नेमकी कोणती सरकणार! ती वेगळी दिसायची. पार्श्वभूमी एकदा ब्रशने, सावल्यांसकट रंगवलेली असायची. हलणारी प्रत्येक गोष्ट मात्र सेलवर, म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर, शाईच्या बाह्यरेषेत सपाट रंग भरून, पुन्हा पुन्हा काढलेली असायची. दोन्हींचा रंग कधी पूर्ण जुळायचा नाही. कार्टूनमध्ये ती उणीव होती, रहस्य आधीच फुटायचं. ॲडव्हेंचर गेममध्ये तीच सगळ्यात मोठी सोय आहे, कारण इथे खेळणाऱ्याला कळायलाच हवं की हात कुठे लावायचा. दादाने तळघर पुन्हा काढलं: भिंत तशीच ठेवली, पण सरकणारी वीट, पेटीचं झाकण आणि दोर शाईच्या रेषेत, सपाट रंगात. भाचीने खोलीत पाऊल टाकल्याबरोबर विटेवर क्लिक केलं.

त्यानंतर आम्ही जुन्या कार्टूनकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागलो. टीव्हीसाठी काम करताना हॅना-बार्बेरा या अमेरिकन कार्टून स्टुडिओने कमीत कमी चित्रांत भागवायच्या युक्त्या शोधल्या. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे, त्यामुळे धड तसंच ठेवून फक्त डोकं पुन्हा काढलं की भागायचं. धावताना मागची पार्श्वभूमी फिरून फिरून तीच यायची. १९६९ मध्ये सुरू झालेल्या 'स्कूबी-डू' या घाबरट कुत्र्याच्या कार्टूनमध्येही ही काटकसर पदोपदी दिसते. दोन भावांनी रात्री बसून काम करायचं म्हटलं तर नेमकी हीच काटकसर लागते. आमच्या प्रत्येक पात्राच्या गळ्यात काहीतरी आहे: मफलर, रुमाल, घंटेचा पट्टा. बोलताना फक्त डोकं बदलतं. एका पात्रामागे चाळीसेक चित्रं वाचली असतील.

वेगाचंही तसंच. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, पण हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटी टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. आपल्या इंजिनाची मूळ गती सेकंदाला ४० चक्रांची, म्हणजे एका सेकंदात ते खेळ ४० वेळा पुढे सरकवतं. एक चित्र तीन चक्रं टिकवलं की सेकंदाला साधारण १३ चित्रं होतात आणि चाल एकदम ओळखीची वाटते. आम्ही आधी जास्त गुळगुळीत करायला गेलो होतो. पात्र नीट चालत होतं, पण कार्टून वाटत नव्हतं. आणखी एक: पाय जमिनीवर घसरताना दिसत असतील तर पात्राची सरक त्याच्या चित्रांशी जोडायची सोय साधनातच आहे. ती चालू ठेवा.

आता पात्रांबद्दल. आम्ही सुरुवात केली ती मूळ कार्टूनचीच पात्रं घेऊन, तेच चेहरे, तेच कपडे. घरातल्या घरात ते चाललं असतं. पण भाचीला खेळ मैत्रिणींना द्यायचा होता, आणि ती पात्रं आमची नव्हती. दुसऱ्याच्या मालकीची पात्रं वाटत फिरायचं नाही, यावर आमचं दोघांचं एकमत होतं. चौथ्या महिन्यात सगळे चेहरे काढून टाकले. मला वाटलं होतं खेळाचा जीवच जाईल. तसं झालं नाही, आणि हेच मला या आठ महिन्यांत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कार्टून चेहऱ्यांत नव्हतं, त्याच्या नियमांत होतं. घाबरट कुत्रा म्हणजे भीती वाटली की पळणारा, खाऊ दिसला की थांबणारा, आणि पळता पळता चुकून पुरावा शोधून देणारा. हे तीन नियम जिथे पाळले जातील तिथे ते कार्टून आहे.

मग आम्ही कुत्र्याच्या जागी शेळी आणली. नाव ठकी. तिचा नियम एकच: कागद दिसला की खाणार. या एका नियमातून अर्धा खेळ उभा राहिला. नकाशा टेबलावर ठेवला तर ठकी खाते, म्हणून तो उंच टांगावा लागतो. भिंतीवरच्या जुन्या जाहिरातीमागे दार आहे, ते उघडायला ठकीला मुद्दाम तिथे न्यावं लागतं. कोणी समजावून सांगत नाही. भाचीने दुसऱ्याच खोलीत ओळखलं आणि नंतर ठकीला हत्यारासारखं वापरायला लागली. तुम्हाला एखाद्या कार्टूनचा खेळ करायचा असेल तर चित्र काढायच्या आधी कागदावर लिहा, यातलं कोण काय *करूच शकत नाही*. कोडी तिथून निघतात.

याच ठकीने आम्हाला सगळ्यात मोठा फटकाही दिला. तिसऱ्या खोलीत एक पत्र होतं. भाचीने ते वाचायच्या आधी खाली ठेवलं, ठकीने खाल्लं, आणि पत्रातल्या खुणेशिवाय पुढचं कुलूप उघडणं शक्यच नव्हतं. पोर वीस मिनिटं अडकून बसली. आम्हालाही कळेना की खेळ आता संपूच शकत नाही. जुन्या ॲडव्हेंचर गेममध्ये अशी अडचण सर्रास असायची. 'मॅनियॅक मॅन्शन' (१९८७) हा ॲडव्हेंचर गेम करणाऱ्या रॉन गिल्बर्ट यांनी पुढे याच्याविरुद्ध आग्रहाने लिहिलं, आणि कोणतं कोडं कोणत्या कोड्यावर अवलंबून आहे याचा आलेख काढायची त्यांची पद्धत आजही वापरली जाते. आम्ही तो आलेख आधी काढायला हवा होता. मग काढला. पत्र गेलं तरी टेबलावर लेखणीचा दाब उमटलेला असतो, त्यावर कोळसा घासला की अक्षरं दिसतात. आता हे कोडं सगळ्यांना मूळ पत्रापेक्षा जास्त आवडतं.

जे जमलं नाही ते पाठलाग. लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, एका दारातून आत आणि भलत्याच दारातून बाहेर. कार्टूनमधलं माझं सर्वांत आवडतं दृश्य. खेळात पहिल्यांदा मजा आली, तिसऱ्यांदा भाची कंटाळली. कार्टूनमध्ये कधी थांबायचं, कधी आपटायचं हे दिग्दर्शकाच्या हातात असतं; इथे घड्याळ खेळणाऱ्याच्या हातात. विनोद त्याच्या क्लिकलाच फुटला पाहिजे. म्हणून पाठलाग काढून टाकला आणि ती मेहनत चुकीच्या उत्तरांवर घातली. दोर कंदिलाला लाव, कंदील शेळीला दे, शेळीने कपाट उघड, अशा २६० चुकीच्या जोड्यांना मी वेगवेगळी उत्तरं लिहिली. पाच संध्याकाळी गेल्या. भाची आता मुद्दाम चुकते, फक्त ती ऐकायला.

ऐकायला, कारण संवाद आम्ही आवाजातच ठेवले. कार्टून निम्मं कानांनीच लक्षात राहतं. पाट्या आणि पत्रं दादाने चित्र म्हणून हाताने लिहिली, त्यामुळे जोडाक्षरं हवी तशी वळणदार आली. ठकीचा आवाज माझ्या ताईचा, म्हणजे भाचीच्या आईचा आहे. तो कोणाचा हे भाचीला आठवडाभर सांगितलं नव्हतं.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुने भाग लगेच पुन्हा बघू नका. आधी आठवणीतून खोल्या काढा. मी आणि दादाने कार्टूनमधल्या दीपगृहाचा गोल जिना वेगवेगळ्या कागदांवर काढला. दोघांच्याही कागदावर तो प्रचंड उंच होता, पायऱ्या न संपणाऱ्या. नंतर भाग बघितला तर जिना जेमतेम चार सेकंद दिसतो आणि साधासुधा आहे. आम्ही आमचाच ठेवला. तो पूर्ण चढायला खेळात दीड मिनिट लागतं, दर वळणावर खिडकीतून समुद्र थोडा खाली जातो, आणि आजवर एकाही मुलाने तो लवकर संपवायचं बटण मागितलेलं नाही.

ज्यांना उड्या, मारामारी, वेग हवा आहे त्यांच्यासाठी हे साधन नाही. त्यांनी दुसरं बघावं. ज्यांच्या मनात एखादी जागा आहे आणि तिथली पेटी उघडून बघायची राहून गेली आहे, त्यांनी खुशाल घ्यावं. रोजच्या कामाची प्रत वेगळी ठेवायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा.

सध्या दुसऱ्या भागाची पहिली खोली चालू आहे. छपाईचा कारखाना, चारही बाजूंना कागदाचे गठ्ठे. ठकीला तिथे आत कसं सोडायचं, यावर दादाचं आणि माझं अजून ठरलेलं नाही.