सांडपाण्याचा नमुना: मलप्रक्रिया केंद्रावर घ्यावा की सोसायटीच्या चेंबरमध्ये?

नवी मुंबईतल्या नेरुळ किंवा ऐरोलीच्या मलप्रक्रिया केंद्राच्या तोंडाशी २४ तास थोडं थोडं पाणी गोळा केलं, की एका आरटी-पीसीआर चाचणीत हजारो घरांमध्ये विषाणू किती पसरलाय याचा अंदाज येतो. लक्षणं नसलेले, दवाखान्यात न गेलेलेही त्यात धरले जातात. मुंबईत पोलिओसाठी सांडपाणी तपासण्याची पद्धत २००१ पासून आहे. पण विषाणू कुठल्या सेक्टरमधला, ते तिथे कळत नाही. शिवाय पावसाचं पाणी शिरलं की नमुना पातळ होतो.

चेंबरमधून थेट वस्ती सापडते. मात्र दोन-चार रुग्णांवरही आकडा उड्या मारतो, आणि सोसायटीकडे बोट दाखवलं जाणार ते वेगळंच! माझं मत विचाराल तर रोजची नजर केंद्रावर, आकडा चढला तरच चेंबर उघडावं. सेप्टिक टँकवरच्या वस्त्या दोन्हींतून सुटतात.